१२६० साल आले आणि गेले

प्रभू येशूच्या पुनरागमनावरील आपली श्रद्धा आपण दर रविवारी मिस्साबलिदानात उभे राहून जाहीर करतो. ते शब्द ओठांवर इतके रुळले आहेत की 'प्रभू येणार, पण केव्हा?' हा प्रश्न त्या क्षणी सहसा कोणाच्या मनात डोकावत नाही. ख्रिस्तसभेच्या इतिहासात मात्र ह्या एका प्रश्नाने वेळोवेळी मोठमोठी वादळे उठवली आहेत. अशाच एका वादळाची ही हकीकत आहे. ते दक्षिण इटलीच्या डोंगराळ मुलखात जन्मले, आणि त्याची एक झुळूक थेट आपल्या ठाणे-सोपाऱ्यापर्यंत येऊन पोहोचली.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना प्रभूचे येणे अगदी दाराशी आले आहे असे वाटे. थेस्सलनीका येथील काही जणांनी तर त्या भरात कामधंदाच सोडला, तेव्हा संत पौलाला त्यांची कानउघाडणी करावी लागली. पुढे इ. स. ४१० मध्ये रोम शहर लुटले गेले आणि जगाचा शेवट आला अशी हाकाटी झाली. संत ऑगस्टीन ह्यांनी त्यानंतर लिहिलेल्या 'देवनगरी' ह्या ग्रंथाच्या विसाव्या खंडात प्रकटीकरणातील 'हजार वर्षां'चा अर्थ उलगडून दाखवला. ही हजार वर्षे पुढे केव्हातरी यावयाचे सुवर्णयुग नव्हे. ख्रिस्ताच्या पहिल्या आगमनापासून दुसऱ्या आगमनापर्यंतचा, म्हणजे ख्रिस्तसभेचाच हा काळ होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. पाश्चात्त्य ख्रिस्तसभेत हीच शिकवण पुढील सात शतके प्रमाण मानली गेली. बाराव्या शतकात एका संन्याशाने तो प्रश्न पुन्हा उघडला.

फिओरेचे मठाधिपती

योआकिम ह्यांचा जन्म ११३५ च्या सुमारास कॅलाब्रिया प्रांतातील चेलिको ह्या गावी झाला. वडील पेशाने लेखनिक-नोटरी होते. तरुणपणी पवित्र भूमीची यात्रा करून आल्यावर योआकिम ह्यांनी संसाराकडे पाठ फिरवली. ते सिस्टर्शियन संघाच्या परंपरेतील कोराझो मठाचे मठाधिपती झाले. परंतु मठाच्या कारभारापेक्षा पवित्र शास्त्राचा अभ्यास त्यांना अधिक ओढून घेई. ११८४ साली पोप ल्युशियस तिसरे ह्यांनी त्यांना लिहिते राहण्यास उत्तेजन दिले. पुढे सिला पर्वताच्या निर्जन परिसरात, सान जोव्हान्नी इन फिओरे येथे, त्यांनी स्वतंत्र मठ उभारला व त्याच्या नियमावलीला ११९६ मध्ये पोप सेलेस्टीन तिसरे ह्यांची मान्यता मिळाली.

काळ अस्वस्थतेचा होता. ११८७ मध्ये जेरुसलेम सलाउद्दीनच्या हाती गेले होते. ११९०-९१ च्या हिवाळ्यात धर्मयुद्धासाठी निघालेला इंग्लंडचा राजा रिचर्ड मेसिना बंदरात मुक्कामाला असताना त्याने ह्या मठाधिपतींना मुद्दाम बोलावून प्रकटीकरणातील सात डोक्यांच्या अजगराचा अर्थ विचारला. राजेलोकही भविष्य ऐकण्यास किती आतुर होते, हे ह्यावरून दिसते.

योआकिम ह्यांची मांडणी थोडक्यात अशी: पवित्र त्रैक्यात तीन व्यक्ती आहेत, तसाच मानवी इतिहासही तीन अवस्थांतून जातो. पहिली अवस्था पित्याची. ती नियमशास्त्राची, भयाची व गृहस्थांची. दुसरी पुत्राची, ती शुभवर्तमानाची, विश्वासाची व धर्मगुरूंची. तिसरी पवित्र आत्म्याची. ती स्वातंत्र्याची, प्रेमाची व चिंतनमग्न संन्याशांची. ह्या तिसऱ्या अवस्थेत दोन्ही करारांचा आंतरिक अर्थ मनुष्याला उलगडेल आणि शांतीचा काळ येईल.

ही अवस्था केव्हा येणार? संत मत्तयच्या पहिल्या अध्यायात अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंत बेचाळीस पिढ्या सांगितल्या आहेत. ख्रिस्तानंतरही तितक्याच पिढ्या जातील आणि प्रत्येक पिढी तीस वर्षांची धरावी, असा त्यांचा हिशेब होता. बेचाळीस गुणिले तीस म्हणजे १२६०. प्रकटीकरणाच्या अकराव्या व बाराव्या अध्यायांतही १२६० दिवसांचा उल्लेख आहेच. योआकिम स्वतः नेमकी तारीख ठोकून सांगण्याबाबत सावध होते. १२०० साली त्यांनी आपले सर्व लिखाण धर्मपीठाच्या निर्णयाधीन असल्याचे लिहून ठेवले आणि १२०२ मध्ये ते प्रभूच्या घरी गेले. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने त्रैक्याविषयीचे त्यांचे एक मत नाकारले, परंतु त्यांच्या व्यक्तिगत श्रद्धेवर व त्यांच्या मठावर ठपका ठेवला नाही.

शिष्यांची घाई

गुरू सावध असला तरी शिष्य सावध असतातच असे नाही. योआकिम ह्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच असिसीच्या संत फ्रान्सिसने दारिद्र्याचे व्रत घेतलेला आपला बंधुसंघ स्थापन केला. योआकिम ह्यांनी भाकित केलेले आत्म्याच्या युगाचे संन्यासी ते हेच, अशी समजूत अनेक फ्रान्सिस्कनांच्या मनात घर करून बसली. १२५४ साली पॅरिसमध्ये बोर्गो सान दोन्निनो येथील गेरार्दो नावाच्या तरुण फ्रान्सिस्कनाने 'सार्वकालिक शुभवर्तमानाचा परिचय' हे पुस्तक प्रसिद्ध केले. योआकिम ह्यांचे तीन प्रमुख ग्रंथ हेच सार्वकालिक शुभवर्तमान असून जुना व नवा हे दोन्ही करार आता कालबाह्य होणार, असा त्याचा दावा होता. असे योआकिम ह्यांनी कधीच म्हटले नव्हते. गेरार्दोने आशेचा धागा ताणून ताणून तोडला.

परिणाम गंभीर झाला. पॅरिस विद्यापीठातील ज्या पंडितांना भिक्षेकरी संघ आधीच डोळ्यांत सलत होते, त्यांच्या हाती आयतेच हत्यार पडले. १२५५ मध्ये अनान्यी येथे चौकशी होऊन पोप अलेक्झांडर चौथे ह्यांनी ते पुस्तक निषिद्ध ठरवले. गेरार्दोच्या नशिबी आजन्म कारावास आला. योआकिम ह्यांच्याविषयी आदर बाळगणारे संघप्रमुख, पार्माचे जॉन, ह्यांना १२५७ साली पद सोडावे लागले. त्यांच्या जीवनाची शुद्धता मात्र कोणी नाकारली नाही. १७७७ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना 'धन्यवादित' म्हणून मान्यता दिली.

आणि मग १२६० साल उजाडले. पेरूजा शहरातून लोकांच्या रांगाच्या रांगा निघाल्या. उघड्या अंगावर चाबकाचे फटके मारून घेत, प्रभूकडे दयेची याचना करीत त्या एका नगरातून दुसऱ्या नगरात जाऊ लागल्या. उत्तर इटलीभर हे लोण पसरले. जुनी वैरे मिटली, भांडणारे गळ्यात गळा घालून रडले. पण वर्ष सरले आणि जग होते तसेच राहिले. सालिंबेने नावाच्या फ्रान्सिस्कन इतिहासकाराने आपली कथा प्रांजळपणे लिहून ठेवली आहे. ज्या सम्राटाभोवती भाकिते गुंफली होती तो फ्रेडरिक दुसरा १२५० मध्येच वारला, त्यानंतर १२६० सालही निघून गेले, तेव्हा त्याने ह्या शिकवणीला रामराम ठोकला आणि ह्यापुढे डोळ्यांना दिसेल त्यावरच विश्वास ठेवायचा, असा निश्चय केला.

वाचकहो, सालिंबेनेच्या ह्या निश्चयाची मला फार काळजी वाटते. चुकलेली तारीख नुसती तारखेवरचा विश्वास उडवून थांबत नाही. ती वाट पाहण्याची शक्तीच मारून टाकते. तारखेबरोबर आशाही विझली तर श्रद्धेचे मोठेच नुकसान होते.

संत बोनाव्हेंतुरा ह्यांचा विवेक

पार्माच्या जॉन ह्यांच्या जागी आलेल्या संत बोनाव्हेंतुरा ह्यांच्यापुढे दोन सोपे मार्ग होते. योआकिम ह्यांचे सर्व विचार जाळून टाकावेत, अथवा बंधूंच्या उत्साहाला मोकळे रान द्यावे. त्यांनी दोन्ही टाळले. १२७३ साली पॅरिसमध्ये दिलेल्या सृष्टीच्या सहा दिवसांवरील व्याख्यानांत त्यांनी इतिहासात नूतनीकरण घडू शकते, पवित्र आत्मा नवे काही करतो, हे मान्य केले. परंतु ख्रिस्ताच्या पलीकडे जाणारे असे कोणतेही युग नाही, कारण आत्मा हा ख्रिस्ताचाच आत्मा आहे, हे निक्षून सांगितले. ख्रिस्ताचे कार्य जुने होत नाही, ते काळाबरोबर वाढत जाते, असा त्यांच्या शिकवणीचा सारांश आहे. त्यांचे समकालीन संत थॉमस अक्वायनस ह्यांनीही नव्या कराराच्या पुढची अवस्था ह्या पृथ्वीवर संभवत नाही असेच प्रतिपादन केले. पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी तरुणपणी बोनाव्हेंतुरांच्या इतिहासविषयक विचारांवर प्रबंध लिहिला होता, आणि १० मार्च २०१० च्या आपल्या सार्वजनिक प्रवचनात त्यांनी हाच प्रसंग पुन्हा उलगडून सांगितला. कवी दांतेने तर आपल्या महाकाव्यात योआकिम ह्यांना स्वर्गातच स्थान दिले आहे, आणि त्यांची ओळख करून देण्याचे काम बोनाव्हेंतुरांवरच सोपवले आहे!

एकाच आशेच्या दोन वाटा

तरीही वाद मिटला नाही. संघाने मालमत्ता बाळगू नये असा आग्रह धरणारे 'आत्मिक' फ्रान्सिस्कन आणि इतर बंधू ह्यांच्यात तेढ वाढत गेली. आंकोना प्रांतातील अशा काही आग्रही बंधूंना वर्षानुवर्षे कोठडीत डांबण्यात आले. त्यांच्यात आंजेलो क्लारेनो होते व तोलेंतिनोचे थॉमस होते. ह्या गटाच्या विचारांवर योआकिम ह्यांच्या लिखाणाची दाट छाया होती. १२८९ नंतर नव्या संघप्रमुखाने त्यांची सुटका केली व त्यांना आर्मेनियात धर्मसेवेसाठी पाठवले.

१३०७ ह्या एकाच वर्षातील दोन घटना येथे शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. त्या वर्षी उत्तर इटलीत दोल्चिनो नावाच्या पुढाऱ्याला जिवंत जाळण्यात आले. नव्या युगाचे भाकित वर्तवून, ते चुकताच नवी तारीख देऊन, त्याने आपले अनुयायी सशस्त्र होऊन डोंगरात नेले होते. त्यांतील कित्येक उपासमारीने व तलवारीने मेले. त्याच वर्षी तोलेंतिनोचे थॉमस पोप क्लेमेंट पाचवे ह्यांच्यापुढे उभे राहिले आणि चीनमध्ये एकाकी झटणारे बंधू, मोंतेकोर्व्हिनोचे जॉन, ह्यांच्या कार्याची वार्ता त्यांनी सांगितली. त्यानंतर पोपमहोदयांनी जॉन ह्यांना खानबालिकचे महाबिशप नेमले.

पुढे उतारवयात थॉमस स्वतः चीनकडे निघाले. होर्मुझहून निघालेले त्यांचे जहाज त्यांना ठाण्याला घेऊन आले. सिएनाचे पीटर, पादुआचे जेम्स व दिमित्रियस हे सोबती त्यांच्याबरोबर होते. ठाण्यात पूर्व सीरियन परंपरेच्या ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना आसरा दिला. एका घरगुती तंट्याच्या निमित्ताने त्यांना काझीपुढे साक्षीला यावे लागले, तेथे प्रश्न धर्माकडे वळला, आणि एप्रिल १३२१ मध्ये ह्या चौघांनी आपले रक्त सांडले. डोमिनिकन बंधू जॉर्डन कॅतलानी ह्यांनी त्यांचे देह सोपाऱ्याला पुरले. पुढे पोर्देनोनेचे ओदोरिक त्यांच्या अस्थी चीनला घेऊन गेले. जेथे जिवंतपणी पोहोचता आले नाही, तेथे थॉमस मरणोत्तर पोहोचले. १८९४ साली पोप लिओ तेरावे ह्यांनी त्यांना 'धन्यवादित' म्हणून मान्यता दिली.

दोल्चिनो आणि थॉमस ह्या दोघांच्या आशेचे मूळ एकच. एकाने पंचांग हाती घेतले, दुसऱ्याने प्रवासाची काठी. एकाने अनुयायांना मृत्यूच्या तोंडी दिले, दुसऱ्याने स्वतःला.

आजही तारखांचा बाजार थांबलेला नाही. अमेरिकेत विल्यम मिलर ह्यांच्या हजारो अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ च्या रात्री वाट पाहिली. त्याच देशात २१ मे २०११ ची तारीख रेडिओवरून गाजली. आपल्या धर्मग्रामांतही पूर्वी हातोहात पत्रके फिरत, आता मोबाइलवर निरोप फिरतात. युद्ध पेटले, रोगाची साथ आली, की भाबडी माणसे भेदरून जातात. कोणी मुलांच्या शिक्षणावरचा खर्च व्यर्थ समजू लागतो, कोणी आपले धर्मग्राम सोडून भाकित सांगणाऱ्याच्या मागे जातो. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने इतिहासाच्या आतच देवराज्य पूर्णत्वास नेण्याचा हा दावा स्पष्टपणे नाकारला आहे. प्रभूने तर त्या दिवसाचे ज्ञान केवळ पित्याकडे राखून ठेवले.

तेव्हा भाकिताचे पत्रक हाती आले तर आपल्या माणसांना नुसते हसू नये अथवा दटावूही नये. त्यांना १२६० सालाची गोष्ट सांगावी, आणि मग ठाण्याची सांगावी. प्रभूची वाट पाहणारा माणूस कसा असतो हे ज्याला पाहायचे असेल, त्याने सोपाऱ्याच्या मातीकडे पाहावे.