स्लिपर ऑर्किडचे घरगुती संवर्धन व पुनर्बहर : कोयनानगरच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्याला 'बहर धरणे' म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. डाळिंबाच्या बागेचे पाणी काही आठवडे तोडावयाचे, झाडास ताण द्यावयाचा, पानगळ होऊ द्यावयाची आणि मग खतपाणी देऊन एकाच वेळी फुले आणावयाची, ही रीत सर्वपरिचित आहे. ज्या वनस्पतीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे, तिला मात्र पाण्याचा हा ताण मुळीच सोसत नाही. तिला ताण लागतो तो गारव्याचा. एवढी साधी गोष्ट समजण्यास युरोपातील श्रीमंत बागवानांना जवळजवळ अर्धे शतक लागले व त्या काळात ईशान्य भारतातील डोंगरउतारांवरून रोपांची असंख्य ओझी उतरविली गेली. हीच गोष्ट कोयनानगरच्या एका घरात समजण्यास पाच वर्षे लागली. या दोन प्रवासांची संगती लावण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

स्लिपर ऑर्किडला मराठीत रूढ नाव नाही. ऑर्किडला आपण आमरी म्हणतो. परंतु ज्या आमरीच्या फुलाची एक पाकळी सपातेच्या पुढच्या टोकासारखी, पिशवीच्या आकाराची असते, ती आपल्या डोंगरात उगवतच नसल्याने तिला नाव देण्याचा प्रसंग कोणावर आला नसावा. १८८६ मध्ये फिट्झर या जर्मन शास्त्रज्ञाने आशियातील या गटासाठी पॅफिओपेडिलम ही स्वतंत्र प्रजाती प्रस्थापित केली. तत्पूर्वी या वनस्पतींचा समावेश सिप्रिपेडियम या प्रजातीत होत असे, म्हणून जुन्या ग्रंथांत त्या त्याच नावाने आढळतात.

सह्याद्रीतील आमरी आणि तिची सवय

मुंबई इलाख्यातील वनस्पतींची नोंद पद्धतशीरपणे होऊ लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. सर जॉन माल्कम यांनी १८२८ मध्ये पुण्याजवळ दापुरी (आजची दापोडी) येथे वनस्पती उद्यान सुरू केले. १८३८ पासून त्याची जबाबदारी डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे आली व १८४७ मध्ये ते इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. गिब्सन व डाल्झेल यांचा 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे थिओडोर कुक यांचा इलाख्याचा फ्लोरा १९०१ ते १९०८ या काळात खंडशः निघाला. फादर सांतापाव व कापडिया यांचा 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' हा केवळ ऑर्किडांस वाहिलेला ग्रंथ १९६६ चा. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत स्लिपर ऑर्किडची एकही जाती निसर्गतः आढळत नाही.

द्वीपकल्पीय भारतात या गटाची एकच जाती आहे. कर्नल ड्रुरी यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पिवळ्या फुलाची जाती दक्षिणेस अगस्त्यमलईच्या डोंगरांत आढळते. बेडोम यांनी १८७४ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर संग्राहकांनी ती इतकी ओरबाडली की आज ती अतिसंकटग्रस्त गणली जाते. म्हणजे कोयनेच्या खोऱ्यातून पाहिले असता, सर्वांत जवळची स्लिपर ऑर्किडही केरळ-तमिळनाडूच्या सीमेवर आहे.

याचा अर्थ कोयनेच्या लोकांना ऑर्किड ठाऊक नाहीत, असा नव्हे. हेळवाकच्या घाटात मे-जूनमध्ये आंब्या-जांभळांच्या फांद्यांवर लोंबणारी सीतेची वेणी कोणी पाहिली नाही? लोक तिला सरसकट बांडगूळ म्हणतात, हे मात्र तिच्यावर अन्याय करणारे आहे. कारण बांडगूळ झाडाचा रस शोषून जगते, आमरी फांदीचा केवळ आधार घेते. पावसाळ्यात सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस आणि त्यानंतर सात-आठ महिने जवळजवळ कोरडे, या हवामानास आपल्या आमरी सरावलेल्या आहेत. काहींच्या खोडात पाण्याचा साठा असतो, काहींची पाने चामड्यासारखी जाड असतात. डेंड्रोबियम बार्बाट्युलम ही जाती तर पाने गाळून, निष्पर्ण खोडावर पांढरी फुले धारण करते. घरी आणून आंब्याला काथ्याने बांधलेली अशी आमरी हिवाळ्यात विसरून गेले तरी चालते. किंबहुना विसरून गेलेलेच बरे.

स्लिपर ऑर्किड जमिनीलगत, पालापाचोळ्यात किंवा शेवाळलेल्या खडकाच्या फटीत वाढते. तिच्यापाशी पाण्याचा साठा करणारे फुगीर खोड नाही. मुळे एकदा वाळली की रोप पुन्हा सावरणे कठीण. आपल्या डोंगरातील आमरीचा अनुभव येथे उपयोगी पडत नाही, एवढेच नव्हे तर तो घातक ठरतो.

उष्णगृहातील चूक

स्लिपर ऑर्किडच्या संवर्धनाचा इतिहास कलकत्त्यापासून सुरू होतो. तेथील वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिक यांच्यामार्फत इंग्लंडला गेलेल्या दोन जाती, व्हेनुस्टम आणि इन्सिग्ने, अनुक्रमे १८२० व १८२१ मध्ये वर्णिल्या गेल्या. पहिलीचे स्थान पूर्व हिमालयात व खासी टेकड्यांच्या परिसरात, दुसरीचे मुख्यतः खासी टेकड्यांत. पुढे डेव्हनशायरच्या ड्यूकने आपल्या चॅट्सवर्थच्या उद्यानासाठी जॉन गिब्सन या माळ्याला मुद्दाम खासी टेकड्यांत पाठविले. तो १८३७ मध्ये रोपांचा मोठा साठा घेऊन परतला. (दापुरीचे गिब्सन ते हे नव्हेत. जुन्या संदर्भांत या दोघांची गल्लत होण्याचा संभव असतो.)

रोपे पोहोचली, पण जगली किती? त्या काळी ऑर्किड म्हणजे उष्ण कटिबंधातील वनस्पती, म्हणून तिला कोंदट, अतिउष्ण काचगृहात ठेवावे, असा समज दृढ होता. खासी टेकड्यांवर हिवाळ्यात थंडी पडते, याचा विचार लंडनचे माळी करीत नसत. परिणामी अनेक रोपे एकदा फुलून, किंवा न फुलताच, मरून जात. आणि मेलेल्या रोपाच्या जागी नवे रोप लिलावात विकत घेतले जाई. १८५० मध्ये खासी टेकड्यांत गेलेल्या जोसेफ हूकर यांनी निळ्या व्हँडाची सात माणसांची ओझी क्यू उद्यानासाठी रवाना केली. त्यांतील फार थोडी रोपे जिवंत पोहोचली. हा प्रसंग स्लिपर ऑर्किडचा नसला तरी डोंगर तेच होते आणि रीतही तीच.

प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासात जंगलाच्या ऱ्हासाचे खरे कारण हौस हे नव्हते, तर पुन्हा फुलविता न येणे हे होते. ज्याला आपल्याकडील रोप दरवर्षी फुलविता येते, त्याला दुसरे विकत घ्यावे लागत नाही. शिवाय जे रोप फुलते ते फुटवेही देते, आणि फुटवा काढून शेजाऱ्याला देता येतो. इन्सिग्नेच्या बाबतीत नेमके हेच घडले. १८६० च्या दशकात जेम्स बेटमन यांच्यासारख्यांनी थंड हवेतील ऑर्किड-संवर्धनाचा पुरस्कार केला. इन्सिग्ने ही जाती तर थोड्याशा उबेच्या साध्या काचगृहातही सहज फुलते, असे ध्यानी आले आणि ती मध्यमवर्गीय घरांत पोहोचली. १८६९ मध्ये व्हीच यांच्या रोपवाटिकेत स्लिपर ऑर्किडचा पहिला कृत्रिम संकर फुलला. १९२२ मध्ये अमेरिकेत नडसन यांनी साखरयुक्त माध्यमावर, बुरशीच्या साहाय्याशिवाय ऑर्किडचे बी रुजवून दाखविले. १९६० मध्ये फ्रान्समध्ये मोरेल यांनी ऊतिसंवर्धनाचा मार्ग खुला केला व त्यातून इतर ऑर्किड स्वस्त झाली. पॅफिओपेडिलम मात्र त्या तंत्रास सहजी वश झाली नाही. तिची वाढ मुख्यतः बियांपासून व फुटव्यांपासूनच होत राहिली. म्हणून जंगलातून उपटलेल्या रोपाचा मोह या गटात अधिक काळ टिकला.

एका कुंडीचा वृत्तांत

सातारा जिल्हा हा सैनिकांचा जिल्हा. १९६२ च्या युद्धानंतर येथील अनेक जवान ईशान्येकडे तैनात असत. प्रस्तुत लेखकाचे मामा त्यांपैकीच एक. १९७४ च्या दिवाळीत ते शिलाँगहून सुटीवर आले, तेव्हा डालडाच्या डब्यात ओल्या शेवाळात गुंडाळलेले एक रोप त्यांनी आमच्या कोयनानगरच्या घरी आणले. त्यावर कळी होती. तेथील बाजारात एका बाईकडून आठ आण्यांना घेतल्याचे ते सांगत. डिसेंबरमध्ये ती उमलली : हिरवट पिवळी, तपकिरी ठिपक्यांची, वरच्या पाकळीस पांढरी कड. ती इन्सिग्ने होती, हे पुढे बऱ्याच वर्षांनी कळले. फूल सात आठवडे टिकले. वसाहतीतील माणसे पाहावयास येत.

त्यानंतर चार हिवाळे फूल नाही. आजी म्हणे, डाळिंबाला ताण देतात तसा देऊन पाहा. आईने माघात पाणी तोडले. पाने सुरकुतली, दोन फुटवे गेले. मग शेणखत घातलेल्या काळ्या मातीत रोप लावले. पावसाळ्यात मुळे कुजली. उरलेला एक फुटवा विटांचे तुकडे, कोळसा व नारळाच्या सोडणाच्या मिश्रणात लावून स्वयंपाकघराच्या खिडकीत, चुलीच्या उबेला ठेवला. तेथे तो जगला, वाढला, त्याला दोन नवे फुटवेही आले. फूल मात्र आले नाही.

१९७९ च्या दसऱ्यापूर्वी घर रंगवावयास काढले, तेव्हा सर्व कुंड्या उत्तरेकडील पडवीत गेल्या आणि आळसाने तेथेच राहिल्या. कार्तिकात कोयनेच्या खोऱ्यात रात्री चांगल्याच गार होतात. धरणाच्या बाजूने वारा सुटला की पडवीत घोंगडीशिवाय बसवत नाही. डिसेंबरच्या मध्यावर पानांच्या बेचक्यात कळीचे टोक दिसले. आईने ते प्रथम कीड समजून टोचू पाहिले होते.

आज या घटनेचा उलगडा सहज करता येतो. स्लिपर ऑर्किडचा प्रत्येक फुटवा आयुष्यात एकदाच फुलतो व मग हळूहळू क्षीण होतो. पुढचे फूल नव्या फुटव्यातून यावयाचे. तो पक्व होण्यास एक-दोन वर्षे लागतात. शिलाँगच्या रोपाचा फुललेला फुटवा पुन्हा फुलेल अशी वाट पाहणेच चुकीचे होते. पक्व फुटव्यालाही इन्सिग्नेसारख्या हिरव्या पानांच्या जातीत शरद ऋतूतील काही आठवडे रात्रीचे तापमान दहा ते तेरा अंशांच्या आसपास लागते, तेव्हा कळी धरते. ठिपकेदार पानांच्या बहुतेक जातींना एवढ्या थंडीची गरज नसते. मुळांशी ओल कायम हवी, पण पाणी साचता कामा नये. ऊन कोवळे, गाळून आलेले. वर्ष-दोन वर्षांनी कुंडीतील मिश्रण बदलावे, कारण ते कुजून गच्च झाले की मुळांना हवा मिळत नाही. पावसाळ्यात रोप छपराखाली असावे. पानांच्या बेचक्यात पाणी राहिल्यास गाभा सडतो. कोयनानगरची थंडी व दमट हवा या रोपास मानवते. अडचण आहे ती मार्च ते मे या महिन्यांची.

१९७९ नंतर ते रोप आणखी चार वेळा फुलले. १९८४ मध्ये त्यावर पाच फुटवे होते. दोन काढून पाटणला मावशीला दिले. १९८६ च्या उन्हाळ्यात लग्नकार्यासाठी घर पंधरा दिवस बंद राहिले. ओले गोणपाट घालून कुंड्या न्हाणीघरात ठेवल्या होत्या, पण परत आलो तेव्हा मिश्रण कोरडेठाक होते. मावशीकडचे फुटवे त्याच वर्षी गेले. मामांनी पत्र लिहून, दुसरे आणू काय, असे विचारले. आईने नको म्हणून कळविले. उन्हाळा काढणे आपल्याला जमत नाही, असे कारण दिले.

कायद्याची चौकट

ते रोप आज असते तर त्याचा प्रश्न वेगळा झाला असता. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ च्या दुरुस्तीने वनस्पतींविषयी स्वतंत्र प्रकरण घातले गेले आणि विनिर्दिष्ट वनस्पतींच्या सहा नोंदींत लेडीज स्लिपर ऑर्किड, म्हणजे संपूर्ण पॅफिओपेडिलम प्रजाती, समाविष्ट झाली. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली तरी हे संरक्षण कायम आहे. या वनस्पती जंगलातून उपटणे निषिद्ध आहेच, परंतु परवान्याशिवाय त्यांची लागवड करण्यासही मनाई आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराने १९९० पासून या प्रजातीस परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे सर्वाधिक कडक नियंत्रणाखाली, घातले आहे.

कायद्याचा हेतू निर्विवाद योग्य आहे. मात्र पदरी एकच कुंडी असलेल्या घरगुती संवर्धकास परवान्याची वाट अवघड वाटते, आणि बाजारात 'हायब्रीड' म्हणून विकले जाणारे प्रत्येक रोप बियांपासून वाढविलेले असते असेही नाही. पाने फाटलेली, मुळे छाटलेली, एकाच वेळी निरनिराळ्या वयांचे फुटवे असलेले, पानांवर शेवाळ-दगडफुलाचे अवशेष बाळगणारे रोप दिसल्यास ते जंगलातून आले असण्याची शक्यता दाट असते. रोपवाटिकेतील रोपे एकसारख्या आकाराची, स्वच्छ पानांची असतात. विक्रेत्याकडे परवाना व रोपाच्या उगमाची कागदपत्रे मागावीत. ती न मिळाल्यास खरेदी करू नये. सिक्कीममधील पाक्योंग येथे १९९६ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र ऑर्किडांच्या संवर्धनावर व प्रसारणावर काम करते. प्रयोगशाळेत बियांपासून वाढविलेली रोपे कागदपत्रांसह पश्चिम महाराष्ट्रात मिळू लागली, तर कार्तिकात उत्तरेच्या पडवीत ठेवावयास जागा कोयनानगरच्या पुष्कळ घरांत आहे.