जबानीचा पुरावा

गणेशपुरीला लोक येतात ते नित्यानंदांच्या समाधीला आणि गरम पाण्याच्या कुंडांना. जवळच्या उसगावात श्रमजीवी संघटनेचं ठाणं आहे, तिकडे फारसं कुणी वळत नाही. अभ्यासक आणि भोगलेली माणसं यांनी मिळून संशोधन करायचं, ही गोष्ट आता विद्यापीठांच्या अर्जांत सर्रास दिसते. ती आपल्याकडे आली कुठून, हे शोधताना मला वाट याच भागातून गेलेली दिसते. वर्गांपेक्षा कोर्टकचेऱ्यांतून जास्त.

आधी नुसती पाहणी होती. मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीवर सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याचा अहवाल १९३९ चा. के. जे. सावे यांचं वारल्यांवरचं इंग्रजी पुस्तक आलं १९४५ मध्ये, आणि त्याच साली ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या साथीनं वेठ आणि लग्नगडी झुगारून दिली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराकडे राबत, तीच लग्नगडी. कागदावर वारली माहिती पुरवत होता. त्या माहितीचं करायचं काय, हे मात्र दुसरेच ठरवत.

फरक पडला तो १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कलम १५ नं. मजुरानं ‘हे वेठीचं कर्ज आहे’ म्हटलं, की ते तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर. (कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात ज्ञानाची थोरवी वगैरे काही नसावं. पिढ्यान्‌पिढ्या अंगठे उठवणाऱ्याकडे पावती कुठून येणार, एवढा साधा हिशेब.) विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी केली ती याच कायद्याच्या बळावर. आपली हकिगत कुणाला सांगायची, कशी सांगायची, हे शिकणं वेठबिगारांच्या सुटकेचाच भाग झालं.

त्याच दशकात गडचिरोलीत दोन निराळे प्रयोग झाले. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्क्यांना स्त्रीरोग निघाले, आणि १९८९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ज्या दुखण्यांविषयी बाया घरातही बोलत नसत, ती डॉक्टरी जगापुढे आली. तरीही इथे मोजणारे डॉक्टरच होते.

दुसरा प्रयोग, मेंढा-लेखा या गावातला अभ्यासगट, मला अधिक धीट वाटतो. देवाजी तोफा यांच्या या गावात, मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीनं, जंगल, कायदा, दारू असा एकेक विषय घेऊन लोक बसत, बाहेरचे जाणकार बोलावत. निर्णय मात्र त्या बैठकीत होत नसे, तो ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीनं. मधाचा विषय निघाला तेव्हा पोळं न जाळता, माश्या न मारता मध काढायची रीत बसवली गेली. २००९ मध्ये याच गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या दाव्यांपैकी तो एक.

हा हक्क ज्या २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळाला, त्याच्या नियमांत ग्राह्य पुराव्यांची यादी आहे. सरकारी नोंदी, विहिरी, दफनभूमी यांच्याबरोबर दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांची लेखी जबानीही तिच्यात आहे. अमुक वहाळापासून तमुक टेकडीपर्यंत आमची माणसं कसत होती, असं म्हाताऱ्यानं सांगायचं, पोरानं लिहून घ्यायचं, आणि आता जीपीएस यंत्र हातात धरून हद्द पायी फिरायची. ठाणे-पालघरच्या पाड्यांवर दावे असेच तयार होत आले आहेत.

अधिकाऱ्यांना मात्र उपग्रहाचं चित्र जास्त खरं वाटे. म्हणून २०१२ मध्ये नियम दुरुस्त करावे लागले: असं चित्र इतर पुराव्यांना जोड देऊ शकेल, त्यांची जागा घेऊ शकणार नाही. गुजरातेत ‘आर्च’ या संस्थेनं हाच मुद्दा उच्च न्यायालयात नेला, आणि २०१३ मध्ये नामंजूर झालेले दावे पुन्हा तपासायचा आदेश झाला.