अग्रलेखाखाली सही नव्हती

१६ जानेवारी १९१९ च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त एक पत्र छापून आलं. विषय होमरूलचा. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं की, स्वराज्य हा ब्राह्मणाचा जन्मसिद्ध हक्क असेल तर तो महाराचाही तितकाच आहे. खाली सही होती, 'एक महार'.

हा महार कोण, ते आज आपल्या वस्तीतलं शाळकरी पोरही सांगेल. पण त्या दिवशी पेपर वाचणाऱ्या साहेबाला नि बाबूला ते ठाऊक नव्हतं. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर होते. नोकरीला जेमतेम दोन महिने झालेले, पगार साडेचारशे, कॉलेज सरकारी. सरकारी नोकरानं राजकारणावर उघड नावानिशी लिहायचं म्हणजे पोटावर पाय. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आपल्यातले किती जण नोकरीपायी दुसऱ्या नावानं लिहितात, ते आपण जाणतोच.

टोपणनावाची गोष्ट निघाली की मराठी पत्रसृष्टीचे इतिहासकार लोकहितवादींपाशी जाऊन थांबतात. गोपाळ हरी देशमुखांनी भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मधून १८४८ ते १८५० या काळात पत्रं लिहिली, ब्राह्मण्यावर कोरडे ओढले. ते काम मोठंच होतं, नाही म्हणायचं कारण नाही. तेही सरकारी नोकर. पत्रं थांबली आणि पुढे ते मुन्सफ झाले, जज्ज झाले, रावबहादूर झाले. पण फरक बघा. त्यांनी नाव झाकलं नि जे नाव घेतलं ते सगळ्या लोकांचं हित सांगणारं. जात सांगायची त्यांना गरज नव्हती, बोलायचा हक्क जन्मानंच मिळालेला. बाबासाहेबांनी नाव झाकलं आणि जात उघडी केली. १९१७ साली याच माणसाला बडोद्यात पारशांच्या धर्मशाळेत खोटं पारशी नाव सांगून राहावं लागलं होतं, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढलं होतं. तिथं जात झाकायला खोटं नाव. इथं जात दाखवायला नाव बाजूला. आपल्या लेखणीचा इतिहास या दुसऱ्या नावापासून मोजावा, असं मला वाटतं.

वर्षभरानं, ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. पाक्षिक. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. 'केसरी'नं पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापायला नकार दिला, हे बाबासाहेबांनीच पुढं नोंदवून ठेवलंय. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं. अग्रलेख बाबासाहेबांचे, पण बाबासाहेबांचं नाव नाही. हिंदू समाज म्हणजे मजल्यांवर मजले चढवलेला, पण जिना नसलेला मनोरा, हा दाखला पहिल्याच अंकातला. जो ज्या मजल्यावर जन्मला तो तिथंच मरायचा. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला माणूस बिनसहीचं हे लिहीत होता आणि परळच्या चाळीतला गडी दुसऱ्याकडून वाचून घेत होता.

मग ११ मार्च १९२० ला प्रोफेसरकी सोडली. दहा दिवसांनी, २१ आणि २२ मार्चला, माणगावच्या परिषदेत बाबासाहेब अध्यक्षस्थानी उघडपणे उभे राहिले, आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला असं शाहू महाराजांनी तिथं जाहीर केलं. झाकलेलं नाव लोकांसमोर आलं ते छापील कागदावर नाही, मांडवात आलं.

पण जायचं ठरलेलं होतं. बडोद्याची स्कॉलरशिप संपल्यामुळं १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून यावं लागलं होतं. परतायला चार वर्षांची मुदत होती, ती संपत चाललेली. पगारातनं साठवलेले पैसे, महाराजांची मदत, नवल भथेना या मित्राकडून पाच हजारांचं कर्ज, एवढ्यावर जुलै १९२० मध्ये बाबासाहेब बोटीत बसले. पत्र सुरू होऊन सहा महिनेही झाले नव्हते.

काही मित्र म्हणतात, तेव्हा जायला नको होतं, चळवळ ऐन भरात होती. मला हे पटत नाही. ती डिग्री नि ती बॅरिस्टरी नसती तर पुढचं काय काय झालं नसतं याचा हिशोब करा. पण दुसरी बाजूही लपवू नये. 'मूकनायक' ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांच्या हाती गेला. घोलप काही आळशी माणूस नव्हते. पण पत्र एका हातावर उभं होतं आणि तो हात लंडनात. वर्गणी येईना, पुढं बाबासाहेब आणि घोलप यांच्यातही बिनसलं. १९२३ च्या एप्रिलात बाबासाहेब परतले, आणि त्याच साली पत्र बंद पडलं. भटकर, घोलप यांच्यावर कुणी चार ओळी नीट लिहिल्यात का? अंक तरी आपण कुठं जपले? हाती लागले तेवढे अंक सरकारनं ग्रंथरूपात काढायला १९९० साल उजाडलं.

महाडनंतर, ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' आला. या वेळी संपादक म्हणून स्वतःचं नाव. आता सरकारी नोकरी नव्हती, भ्यायचं कुणाला? पण नाव छापल्यानं पैसा येत नाही. चोवीस चोवीस रकाने बाबासाहेब एकटे भरत होते. १५ नोव्हेंबर १९२९ ला तेही थांबलं.

'जनता' निघाली २४ नोव्हेंबर १९३० ला. संपादक देवराव नाईक. बाबासाहेबांचं नाव पुन्हा संपादकाच्या जागी नाही, आणि गोलमेज परिषदेसाठी ते स्वतः तेव्हा लंडनात. पण या वेळी पत्र मेलं नाही. नाईक, कद्रेकर, सहस्रबुद्धे, बी. सी. कांबळे, यशवंतराव आंबेडकर, एकानं ठेवलं की दुसऱ्यानं उचललं. ४ फेब्रुवारी १९५६ ला तिचं नाव बदलून 'प्रबुद्ध भारत' झालं तेव्हा 'जनता' पंचविशी ओलांडून गेली होती.