पंतोजी घडविण्याचा प्रश्न व अव्वल इंग्रजींतील अध्यापकवर्ग

(१) जुने कागद कोठें सांपडले याची नोंद संशोधक अगत्यानें करितात. परंतु ते कोणामुळें टिकले याचा विचार क्वचितच होतो. वाड्याच्या माळ्यावर वा मठाच्या कोनाड्यांत पडलेलें दप्तर रद्दींत जाणार कीं संग्रहांत येणार, हें पुष्कळदां गांवांत त्या कागदाची किंमत जाणणारा एखादा मनुष्य आहे किंवा नाहीं यावर अवलंबून असतें. खेड्यांत असा मनुष्य बहुधा शाळामास्तरच असावयाचा. तेव्हां हा मास्तर कोणत्या विद्येवर पोसला गेला, हा प्रश्न केवळ शिक्षणशास्त्रज्ञांचा नसून आमचाही आहे. म्हणून त्याचा आरंभींचा इतिहास येथें संक्षेपानें तपासण्याचें योजिलें आहे.

(२) अध्यापक तयार करणें म्हणजे शिकविण्याची रीत शिकविणें, आणि विद्या ही त्यानें अन्यत्र मिळवावी, अशी फारकत इंग्रजी अमलाच्या प्रारंभापासूनच झाली असा एक समज आहे. आमच्या मतें हा समज अर्धाच खरा आहे.

पेशवाईअखेरच्या पंतोजीस कोणी मुद्दाम तयार करीत नसे. धूळपाटी, उजळणी, तोंडचे हिशेब आणि मोडी वळण एवढें त्याचें भांडवल. आणि तें गांवच्या व्यवहारास पुरत असे. शास्त्राध्ययनाची परंपरा याहून निराळी. ती पाठशाळांत व शास्त्र्यांच्या घरीं चाले. पंतोजीच्या शाळेशीं तिचा संबंध नव्हता. एकाच गांवांत शास्त्री आणि पंतोजी नांदत, पण एकाची विद्या दुसऱ्याच्या ओसरीवर पोहोंचत नसे. पुढील सर्व खटाटोप ही दरी बुजविण्याचा होता, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

(३) १८२२ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीनें पुढील वर्षीं देशी शाळांची स्थिति तपासली. तींत चार उणिवा मुख्य ठरल्या: पुस्तकें नाहींत, सुलभ रीत नाहीं, लायक शिक्षक नाहींत आणि पैसा नाहीं. या चारींत रीत व शिक्षक हीं कलमें वेगळीं घातलीं आहेत, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. नुसत्या रीतीनें शिक्षक होत नाहीं, ही समजूत त्या वेळींच होती.

मंडळीचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे पेशानें इंजिनियर. त्यांनीं स्वतः मराठींत गणिताचे ग्रंथ सिद्ध करविले. त्यांच्या देखरेखीखालीं मराठी व गुजराती मिळून २४ शिक्षक तयार होऊन १८२६ च्या सुमारास जिल्ह्यांत रवाना झाले. मंडळीचे देशी चिटणीस सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ व ‘इसपनीतिकथा’ हीं पुस्तकें १८२८ सालीं बाहेर पडलीं. म्हणजे शिक्षक आधीं निघाला आणि त्याच्या हातीं द्यावयाचें पुस्तक मागाहून पोहोंचलें. या आरंभींच्या मंडळींस पुस्तक रचणें आणि शिक्षक घडविणें हीं एकाच कामाचीं दोन अंगें वाटत होतीं, आणि तीं दोन्ही एकाच हातून होत होतीं.

(४) हाच संप्रदाय बाळशास्त्री जांभेकर यांच्या ठायीं पूर्णत्वास आलेला दिसतो. १८४५ सालीं एल्फिन्स्टन विद्यालयांत शिक्षक तयार करण्याचा जो वर्ग, ज्यास नॉर्मल क्लास म्हणत, त्याची व्यवस्था त्यांजकडे आली. त्यापूर्वीं त्यांनीं शाळांच्या तपासणीचें कामही केलें होतें. १८३२ सालीं ‘दर्पण’ व १८४० सालीं ‘दिग्दर्शन’ काढणारे हे गृहस्थ व्याकरण, भूगोल, इतिहास व उच्च गणित इतक्या विषयांवर मराठींत लिहीत. ज्या १८४५ सालीं अध्यापकवर्ग त्यांच्या हातीं आला, त्याच सालीं त्यांनीं ज्ञानेश्वरी शिळाछापावर प्रथम छापून प्रसिद्ध केली. ताम्रपट व शिलालेख यांवरील त्यांचे लेख मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत आले आहेत.

आमच्या वाचकांस बाळशास्त्री ठाऊक आहेत ते ज्ञानेश्वरीचे मुद्रक व ताम्रपटांचे वाचक म्हणून. शिक्षणाच्या इतिहासकारांस ठाऊक आहेत ते वर्गाचे प्रमुख म्हणून. हीं दोन माणसें नव्हत. खेड्यांत जाणाऱ्या मास्तरांचा गुरु नेमतांना अधिकाऱ्यांनीं केवळ पाठ देण्यांत कुशल असा मनुष्य शोधला नाहीं. त्या काळच्या मुंबईंतील अत्यंत बहुश्रुत असा पंडित निवडला. १८४६ सालीं बाळशास्त्री निवर्तले, तेव्हां ती जागा दादोबा पांडुरंग यांस मिळाली. त्यांचें मराठी व्याकरण १८३६ सालींच प्रसिद्ध झालें होतें. दोन्ही वेळां निवडीची कसोटी एकच दिसते, आणि ती विद्येची आहे.

(५) पुण्यास हाच प्रकार आढळतो. १८२१ सालीं विश्रामबागेंत स्थापिलेल्या संस्कृत पाठशाळेंत कृष्णशास्त्री चिपळूणकर शिकले. न्याय व अलंकार यांत प्रवीण झाल्यावर ते इंग्रजीकडे वळले. पाश्चात्य शास्त्रांचीं मूलतत्त्वें सांगणारा ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’, सॉक्रेतिसाचें चरित्र, अरबी गोष्टींचें भाषांतर अशी त्यांची नानाविध ग्रंथरचना आहे. हेच कृष्णशास्त्री पुढें पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजाचे मुख्य झाले. १८६१ सालीं निघालेलें ‘मराठी शालापत्रक’ त्यांच्या हातीं आलें, आणि मराठी व्याकरणावरील त्यांचे प्रसिद्ध निबंध प्रथम त्याच पत्रांत छापले गेले.

हें पत्र शाळामास्तरांसाठीं होतें, ही गोष्ट ध्यानीं घ्यावी. मराठी व्याकरणाची इतकी सूक्ष्म चर्चा मास्तरांपुढें ठेवणारा संपादक त्यांस केवळ हुकुमाचे ताबेदार समजत नव्हता. विद्येच्या व्यवहारांतील भागीदार समजत होता. शास्त्री व पंतोजी यांमधील जी दरी वर सांगितली, ती बुजल्याचा याहून चांगला पुरावा आम्हांस दुसरा दिसत नाहीं.

(६) येथवर आमच्या पक्षाचें प्रमाण झालें. प्रतिपक्षही तितकाच बळकट आहे, आणि तो झांकून ठेवणें इतिहासकारास शोभणार नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं दाखवून दिलें कीं, प्राथमिक शाळांतील शिक्षक जवळ जवळ सर्व ब्राह्मण आहेत, आणि त्यांतही ट्रेनिंग कॉलेजांतून आलेले थोडे, बाकीचे अशिक्षित. शिक्षक शेतकरी वर्गांतून तयार करावे, प्रसंगीं नांगर किंवा सुताराचा वांकस हातीं धरण्यास न लाजणारे असावे, त्यांचें वेतन १२ रुपयांहून कमी नसावें, असें त्यांचें मागणें होतें. अभ्यासक्रमांत मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचें प्राथमिक ज्ञान, नीति व आरोग्य हे विषय त्यांनीं सुचविले.

हें निवेदन बारकाईनें वाचल्यास जोतीराव विद्येच्या व्यापकतेचे विरोधक नव्हते, हें स्पष्ट होतें. बाळशास्त्री व कृष्णशास्त्री यांच्या व्यापक विद्येंत शेत नव्हतें आणि शेतकरीही नव्हता, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. जी विद्या एका वर्गाच्या घरांतूनच उचलली जाते, ती कितीही खोल असली तरी रुंद म्हणतां येत नाहीं. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. वरील संप्रदायाचा गौरव करितांना त्याची ही मर्यादा सांगितलीच पाहिजे.

(७) पुढें १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल व १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज निघालें. वामन शिवराम आपटे, आगरकर, गोखले यांसारख्यांनीं शाळेंत वा कॉलेजांत, कांहींनीं दोहोंत, शिकविलें. त्यांस कोणी अध्यापनाची वेगळी पदवी विचारली नाहीं. कॉलेजांतील सामान्य विद्या हीच त्यांची तयारी. १९०६ सालीं मुंबईस दुय्यम शिक्षकांसाठीं ट्रेनिंग कॉलेज निघालें, आणि आधीं पदवी, मग रीत, असा क्रम हळूहळू रूढ झाला. बाळशास्त्र्यांच्या वर्गांत एकत्र असलेल्या दोन गोष्टी येथें दोन इमारतींत गेल्या. १९६३ पासून निघालेल्या प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांनीं चार वर्षांच्या एकाच अभ्यासक्रमांत त्या जोडून पाहिल्या. १९९४ सालीं दिल्ली विद्यापीठानें प्राथमिक शिक्षकांसाठीं तसाच पदवीक्रम काढला. आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें चार वर्षांची एकत्रित पदवी हाच शिक्षकाचा पुढील मार्ग ठरविला. नवीन म्हणून सांगितली जाणारी ही योजना तत्त्वतः १८४५ च्या वर्गाहून फार निराळी नाहीं. तिच्यापुढील प्रश्नही जुनेच आहेत: त्या पदवींतील विद्या खरोखर व्यापक असेल काय, आणि ती कोणाच्या मुलांस मिळेल?

(८) शेवटीं संग्राहकांस एक विनंति. सनदा, बखरी व पोथ्या आपण जिवापाड जपतों. परंतु शिळाछापाचीं शालेय पुस्तकें, शालापत्रकाचे सुटे अंक, ट्रेनिंग कॉलेजांतील विद्यार्थ्यांच्या वह्या हीं कमी मोलाचीं समजून बाजूस टाकतों. जोतीरावांनीं मास्तरास आवश्यक मानलेली मोडी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शाळेंतून गेली. तिच्याबरोबर गांवांतील कागद ओळखणारा मास्तरही गेला. तो कसा घडत होता हें सांगणारीं साधनें मात्र अद्याप कोठें कोठें घरांतून पडून असतील. तीं रद्दींत जाण्यापूर्वीं त्यांची यादी करावी. दप्तर राखणाऱ्याचा इतिहास राखणें, हेंही दप्तर राखण्यापैकींच आहे.