टायरवरील आकडे आणि रिमचे माप

बदलीच्या नोकरीत माणसाबरोबर काही वस्तू अशा फिरतात, की त्या टाकवत नाहीत आणि वापरताही येत नाहीत. माझ्याबरोबर लखनौपर्यंत आलेली अशी वस्तू म्हणजे वडिलांची विलायती सायकल. हलक्या बांध्याची, अरुंद रिमांची ही सायकल घेऊन ते कचेरीत जात. गेल्या हिवाळ्यात ती पुन्हा रस्त्यावर आणावी असे मनात आले. जुन्या टायरवर २६ × १ १/४ असे आकडे होते. दुकानात २६ × १ ३/८ मिळाले. "थोड़ा चौड़ा है, बैठ जाएगा," असे म्हणत दुकानदाराने लिव्हर लावून टायर कसाबसा रिमवर चढवला. हवा भरताच टायरच्या कडेतील तार तुटली, ट्यूब बाहेर आली आणि फुटली. सायकल चालू असती तर काय झाले असते, हा विचार मला त्यानंतर स्वस्थ बसू देईना.

दोष एकट्या दुकानदाराचा नव्हता. अष्टमांश इंचाचा फरक पाहून कोणीही तसेच म्हटले असते. तो फरक फसवा का ठरतो, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

सायकलीचे पुढचे चाक प्रचंड आणि मागचे चिमुकले असे, त्या काळी पायटे थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असत. चाक जितके मोठे, तितके एका फेऱ्यात अंतर अधिक. म्हणून चाकाचा बाहेरचा व्यास हेच सायकलीचे मुख्य माप झाले. पुढे साखळी आली, दोन्ही चाके सारखी झाली, तरी मापाची ही सवय सुटली नाही. १८८८ साली बेलफास्ट येथे डनलॉप ह्यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. योगायोग असा, की त्याच वर्षी बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान काढले. पुढील काळातील किर्लोस्करवाडीचे मूळ सायकलीत आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक असेल. १८९० मध्ये वेल्च ह्यांनी कडेत तार असलेला टायर योजला. ही तार ताणली जात नाही. तीच टायरला रिमवर धरून ठेवते. म्हणजे ज्या जागी तार बसते, तेथील व्यास हे खरे माप झाले. पण टायरवर छापले जाई ते बाहेरच्या व्यासाचे.

आता थोडे गणित. २६ इंच म्हणजे सुमारे ६६० मिलिमीटर. बाहेरचा व्यास तेवढाच ठेवून टायर जाड केला, तर त्याची उंची वाढते आणि आतले रिम लहान करावे लागते. म्हणून सव्वा इंची टायरचे रिम ५९७ मिलिमीटर, १ ३/८ इंचीचे ५९० आणि दीड इंचीचे ५८४ झाले. छापील आकड्यांत रुंदीचा फरक दिसतो; प्रत्यक्षात व्यास बदललेला असतो. आमच्या टायरची तार व्यासात ७ मिलिमीटरने, म्हणजे परिघात सुमारे २२ मिलिमीटरने आखूड होती. उलट ५९७ चा टायर ५९० च्या रिमवर सहज चढला असता, आणि सैल असल्यामुळे हवा भरल्यावर निसटला असता. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की २६ × १ १/२ आणि २६ × १.५ हे गणितात समान असले तरी सायकलीत नाहीत. पहिल्याचे रिम ५८४, दुसऱ्याचे ५५९.

ह्या गोंधळावर पुढे उपाय निघाला. टायरवर रुंदी आणि रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये छापू लागले. ३७-५९० असे लिहिलेले असेल तर शंकेस जागा उरत नाही. रेल्वेच्या संशोधन व मानक संघटनेचे ठाणे १९५७ पासून आपल्या ह्याच शहरात, मानकनगरात आहे. प्रमाणाचे महत्त्व आपल्या रेल्वेवाल्या मित्रांना वेगळे सांगावयास नको.

व्यास जुळल्यावरही रुंदीचा प्रश्न राहतो. टायर रिमच्या आतील रुंदीच्या साधारण दीडपट ते दुप्पट असावा. अरुंद रिमवर फार रुंद टायर घातला तर तो मडक्यासारखा फुगतो, वळणावर डोलतो, ब्रेकच्या गुटक्यांतून निघत नाही. रुंद रिमवर फार अरुंद टायर घातला तर तो चपटा होतो आणि खड्ड्यात रिमच आदळते.

लखनौच्या रस्त्यांवर दूधवाल्यांच्या ज्या काळ्या, दांड्याच्या ब्रेकच्या सायकली दिसतात, त्यांची रिमे ६३५ मिलिमीटरची, टायर २८ × १ १/२. ते माप भारतात आजही सर्रास मिळते. इंग्लंडात जन्मलेले माप आपल्याकडे ओझे वाहत टिकले. जी सायकल शौकाची होती, तिचेच टायर दुर्मिळ झाले. ५९७ चे टायर परदेशांतील मोजकेच कारखाने काढतात.

मग करावे काय? मूळ रिमे ठेवून सायकल भिंतीला टांगावी, की ५९० ची रिमे घालून चालवावी? मी दुसरा मार्ग धरला. जुन्या इंग्रजी पद्धतीप्रमाणे पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० आरे आहेत. तितक्याच छिद्रांची रिमे शोधली. ब्रेकचे गुटके साडेतीन मिलिमीटर खाली सरकवावे लागले, ते सरकले. वडिलांची रिमे तेल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहेत. योग्य टायर हाती आले, तर ती पुन्हा चढवता येतील. तोवर सायकल कचेरीत जाते, आणि वडिलांना तेच अधिक आवडले असते असे मला वाटते.