अर्धा इंची, तेरा नंबर आणि पाव व्हिटवर्थ

आपल्या बेळगावच्या शाळा, नाटकं, तालमी, कुंदा यावर इथं भरपूर लिहून झालंय. गॅरेजवर कुणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. म्हणून मीच बसलो. वय सदुसष्ट, पैकी बावन्न वर्षं हातात पाना. लिहिण्याची सवय नाही, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात एका जुन्या गिऱ्हाइकाची अ‍ॅम्बेसेडर आली. सायलेन्सरच्या वर, इंजिनाला जो मॅनिफोल्ड बसतो, तिथून फट्-फट् आवाज. गॅस्केट बदलायचं, काम सोपं. त्या स्टडवरच्या नटांना अर्धा इंची पाना लागतो, हे मला झोपेतसुद्धा माहीत आहे. भिंतीवरून रिंग पाना काढला, चाळिशी कपाळावरून खाली ओढली, दांड्यावरचा आकडा बघितला, अर्धा दिसला. घातला, जोर लावला. कट्ट आवाज झाला आणि माझी मूठ जाऊन रेडिएटरच्या कडेवर आदळली. बोटाची कातडी निघाली ती तीन आठवडे भरली नाही, शुगरमुळे. ते जाऊ दे. नटाचे कोपरे गेले, नट गोल झाला. पाना उजेडात नेऊन बघतो तर १/२ नव्हे, १/४. आणि पुढे अंधूक डब्ल्यू.

आता तुम्ही म्हणाल, अर्धा आणि पाव यात केवढा फरक, हाताला कळू नये? तिथंच तर सगळी गोम आहे. पाव व्हिटवर्थ पान्याचं तोंड पाव इंचाचं नसतंच. ते अर्ध्या इंचापेक्षा जरासं मोठं असतं.

जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८४१ मध्ये नट-बोल्टच्या आट्यांचं पहिलं प्रमाण मांडलं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला चढत नसे. व्हिटवर्थच्या पद्धतीत पान्यावर जो आकडा असतो तो बोल्टच्या दांडीच्या जाडीचा. नटाचं डोकं किती रुंद आहे हे पाना सांगत नाही. पुढे याच घराण्यात बारीक आट्यांची बी.एस.एफ. पद्धत आली. म्हणून जुन्या इंग्लिश पान्यावर एकाच तोंडाला दोन आकडे असतात, १/४ डब्ल्यू आणि ५/१६ बी.एस. मग दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सुटे भाग ब्रिटनच्या यंत्रांना बसेनात, म्हणून १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून तिसरीच पद्धत ठरवली. तिच्या पान्यांना आपण ए.एफ. म्हणतो. यात आकडा नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधल्या अंतराचा. आणि चौथी मिलिमीटरची, ती युरोपची. तिथंही आकडा तोंडाच्या रुंदीचाच.

म्हणजे भिंतीवर तीन पाने शेजारी टांगा. अर्धा इंची ए.एफ., तोंड १२.७ मिलिमीटर. तेरा नंबर, तोंड १३. आणि पाव व्हिटवर्थ, तोंड १३.३. तिन्ही एकसारखे दिसतात. अर्धा इंची नटावर तेरा नंबर हलका काम असेल तर चालून जातो. पाव व्हिटवर्थ मात्र आरामात बसतो, सैल नटाला फिरवतोही, आणि गंजलेल्या नटावर जोर आला की कोपरे खाऊन मोकळा.

आमच्या तोंडी तर याहून निराळीच भाषा होती. सूत! एका इंचात आठ सूत. अर्धा इंच म्हणजे चार सूत. सुतार, लोहार, मोटार मिस्त्री सगळे सुतातच बोलायचे. उस्ताद गाडीखालून ओरडायचे, "चार सुती फेक गा!" आणि पोरानं तो बरोबर हातात द्यायचा. आज उद्यमबागेतल्या पोराला चार सुती म्हणा, तो टेप आणून देईल.

१९५६ साली १ नोव्हेंबरला आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, ते सगळ्यांच्या घरात पाठ आहे. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात वजनमापांचा कायदा होऊन देशात मेट्रिक पद्धत आली, याची आठवण कुणी काढत नाही. पुढच्या एप्रिलात नवा पैसा आला. शेर गेला, मैल गेला, आणा गेला. गॅरेजमधला इंच तेवढा गेला नाही. कारण गाड्या कायदा वाचून बनत नाहीत. १९५७-५८ पासून बनायला लागलेली अ‍ॅम्बेसेडर मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिला ए.एफ. इंची पाने. फियाट इटलीची, तिला मिलिमीटर. जीप अमेरिकन, पुन्हा इंची. टाटाचे ट्रक १९५४ पासून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्यानं, म्हणून मिलिमीटर. मद्रासची जुनी बुलेट व्हिटवर्थच्या घराण्यातली. म्हैसूरची जावा चेक, ती मिलिमीटर. गोवा मुक्त झाल्यावर घाट चढून जर्मन गाड्या यायच्या, त्याही मिलिमीटर. खानापूर रोडवरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ही सगळी दुनिया नांदायची. तीन संच पाने ठेवल्याशिवाय गॅरेज चालतच नसे. आणि नव्वदच्या दशकात तर कमालच झाली, अ‍ॅम्बेसेडरलाच इसुझूचं जपानी इंजिन आलं. बॉनेटच्या आत मिलिमीटर आणि बाकी गाडी इंची!

मी १९७३ साली त्या शेडमध्ये लागलो, नववी सोडून. उस्तादांना आम्ही पोरं मामा म्हणायचो. मामा लढाईच्या काळात कॅम्पातल्या लष्करी वर्कशॉपात शिकलेले. लढाईनंतर डिस्पोजलच्या लिलावातून त्यांनी एक ट्रंकभर पाने आणलेले. त्यात किंग डिकचे पाने, बर्मिंगहॅमचे, बुलडॉगचा शिक्का असलेले. त्यांना ते आम्हाला हात लावू देत नसत. आम्हाला रोजचे भिंतीवरचे.

मामा पान्याचा आकडा वाचायचेच नाहीत. तोंडात अंगठा घालायचे आणि सांगायचे. आम्ही गंमत म्हणून डोळे मिटायला लावून तेरा आणि अर्धा हातात द्यायचो. दहापैकी दहा वेळा बरोबर. ०.३ मिलिमीटर, विचार करा. जाड कागदाच्या घडीएवढा फरक.

हे सगळं सांगायचं कारण पुढे आहे, आणि ते सांगायला मला चाळीसहून जास्त वर्षं लागली.

१९८१-८२ च्या सुमारास मामांच्या अंगठ्याच्या बुडाशी सांधा सुजायला लागला. सकाळी मूठ मिटत नसे. गरम पाण्याच्या डब्यात हात बुडवून बसायचे, मग काम सुरू. ती अंगठ्याची जाणीवही बोथट झाली असणार, पण ते कधी बोलले नाहीत. मग ते आकडे वाचू लागले, आणि वाचता येईना. बायफोकल चष्म्यात जवळचं बघायची काच खाली असते. पेपर वाचायला ठीक. पण मोटारीखाली उताणं पडलेल्या माणसाला जवळचं दिसायला हवं ते वर! मग मान मागे टाकून, हनुवटी वर करून, टाचा जमिनीत रुतवून बघायचं. आम्ही मागे नक्कल करायचो. हसायचो.

एका संध्याकाळी झाडलोट करून पाने टांगायची पाळी माझी होती. शनिवार होता, मला 'रेडिओ'मध्ये सिनेमाला जायचं होतं. मी घाईत अर्ध्याच्या खिळ्यावर पाव व्हिटवर्थ टांगला. मला टांगताना कळलं होतं. सोमवारी बदलू म्हटलं.

सोमवारी सकाळी मी पोचायच्या आत मामा एका जीपखाली शिरले होते. त्यांनी खिळ्यावर विश्वास ठेवला. चाळीस वर्षं ज्याच्या हाताखालून नट गोल झाला नाही त्या माणसानं लागोपाठ दोन नट गोल केले. जीपवाला उभाच होता, मोठा बागायतदार. म्हणाला, "मामा, आता घरी बसा. पोरांना करू द्या." मामा बाहेर आले, हात पुसले, पाना बघितला, खिळ्याकडे बघितलं, मग आम्हा तिघांकडे. एवढंच विचारले, "अर्धा खटे ठेवलास?" कुणाला विचारले कळलं नाही. मी गप्प राहिलो. दुसऱ्या पोराला शिव्या बसतील म्हणूनही बोललो नाही, असं मी नंतर स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे भ्यालो.

मामांनी दोन्ही नट छिन्नीनं फोडून काढले, नवे बसवले, पैसे घेतले नाहीत. त्यानंतर ते गाडीखाली गेले नाहीत. खुर्ची टाकून बसायचे, आवाजावरून इंजिन ओळखायचे. वर्षभरानं तेही थांबलं.

डोळ्यांवरून एक आठवलं, अवांतर आहे पण आपल्या गावचं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, तिथं कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंग सोडले आणि यंत्राचं ड्रॉइंग धरलं. १८८८ साली बेळगावात त्यांचं सायकलचं दुकान निघालं, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. नगरपालिकेला ठळकवाडीची वसाहत वसवायची होती म्हणून जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोडला किर्लोस्करवाडी उभी राहिली. शाळेत हे सगळं शिकवतात. रंगांधळेपणाचं मला मामांनी सांगितलं, खुर्चीत बसायला लागल्यावर. पुन्हा पुन्हा सांगायचे.

मारुती आली तेव्हा आम्हाला वाटलं सुटलो, सगळंच मिलिमीटर. १९८३ च्या डिसेंबरात पहिली ८०० दिल्लीत दिली, आपल्याकडे यायला जरा वेळ लागला. पण जपान्यांचे मिलिमीटरही वेगळे! आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला युरोपात डोकं १३ चं, जपानात १२ चं. दहाच्या बोल्टला तिकडे १७, इकडे १४. भिंतीवर नवीन खिळे. मग हीरो होंडा आली. तिच्या क्लच कव्हरचे स्क्रू दिसायला साधे फुलीचे, पण आपला नेहमीचा फिलिप्स डिसमिस त्यात पूर्ण बसत नाही, कारण जपानी फुलीचा आकार जरा निराळा. जोर दिला की बाहेर उडी मारतो आणि फुली चाटून टाकतो. तरुणपणी वरून छातीचा भार देऊन निभावलं. आता मनगट तेवढं दाबतच नाही. शेवटी हातोडीनं ठोकून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतला, तो वीस वर्षं आधी घ्यायला हवा होता.

म्हाताऱ्या मिस्त्रीला जोर कमी पडतो असं लोकांना वाटतं. जोराचं काही नाही, दांडा लांब घ्या. दुप्पट लांब दांड्याला निम्मा जोर पुरतो. खरा त्रास बारीक गोष्टींचा. दहा नंबरचा नट चिमटीत धरून डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी पहिला आटा पकडवायचा, तिथं बोटं दगा देतात. नट पडतो, आणि हल्लीच्या इंजिनात पडला की खाली येतच नाही, कुठल्या तरी प्लॅस्टिकच्या पत्र्यावर जाऊन बसतो. मी गोटीत ग्रीसचं बोट लावून नट चिकटवतो. पातळ दांड्यांवर सायकलची ट्यूब चढवली आहे, मूठ अर्धीच मिटली तरी धरता येतं. पाना ढकलायचा नाही, ओढायचा. ढकलावाच लागला तर मूठ उघडी ठेवून तळव्यानं. हे मामांचं. मूठ आदळली त्या दिवशी मी तेही विसरलो होतो.

आणि आकड्यांसाठी सूनबाईंची नेलपॉलिश. मिलिमीटर लाल, ए.एफ. पांढरे, व्हिटवर्थ निळे. नातीनं बसून रंगवले, दोन दिवस लागले. माझ्या पुतण्याचं म्हणणं होतं की निळे सगळे भंगारात घालू, किलोवर जातील, आता कोण येतंय व्हिटवर्थवालं. मी नको म्हटलं. पण भिंतीवरून मात्र उतरवले. मामांच्या घरच्यांनी ती ट्रंक मामा गेल्यावर माझ्याकडेच पाठवली होती, तिच्यात ठेवायचे ठरवलं.

त्या अ‍ॅम्बेसेडरचं राहिलं. गोल झालेला नट छिन्नीनं फोडला. नवा नट आणायला गेलो, पाच सोळांश, बारीक आट्याचा, इंचाला चोवीस आटे. तीन दुकानं फिरलो. तिसऱ्या दुकानातला पोरगा म्हणाला, "अंकल, एमएममध्ये सांगा की." एमएममध्ये सांगून उपयोग नाही, आठचा नट त्यावर चढल्यासारखा वाटतो आणि दोन फेऱ्यांत आटे मारतो. रिकाम्या हातानं परत आलो.

निळे पाने ठेवायला ट्रंक उघडली. तळाशी बोर्नव्हिटाचा जुना डबा, त्यात मामांनी जमवलेले सुटे नट, तेलाच्या कापडात गुंडाळलेले. एकेक काढून स्टडवर लावून बघितला. सातवा हातानं शेवटपर्यंत फिरत गेला. मग भिंतीवरून पांढऱ्या रंगाचा अर्धा काढला, आकडा नातीकडून वाचून घेतला, आणि नट आवळला.