आकडा खरा की खोटा?

साखर मोजायची म्हणजे पूर्वी लघवी उकळायची. 1908 च्या सुमारास स्टॅन्ली बेनेडिक्टने एक निळं द्रावण बनवलं. त्यात लघवीचे थेंब टाकून तापवलं की साखरेनुसार रंग हिरवा, पिवळा, नाहीतर विटकरी. पण रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरतच नाही. म्हणजे साखर 40 असो की 140, नळी निळीच! इन्सुलिन घेणाऱ्याचा जीव घेऊ शकणारी घसरण या चाचणीला दिसायचीच नाही.

1970 च्या आसपास रक्ताची पट्टी वाचणारं यंत्र आलं, तेही फक्त डॉक्टरांसाठी. रिचर्ड बर्नस्टीन या मधुमेही इंजिनिअरने ते आपल्या डॉक्टर बायकोच्या नावावर मागवलं आणि स्वतःचं रक्त दिवसातून अनेकदा तपासायला लागला. (लॉग बघितल्याशिवाय इंजिनिअरला चैन कुठली!)

माझ्या मते खरी उडी मात्र 1987 ची. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या क्लार्क आणि मंडळींनी प्रश्नच बदलला: यंत्र किती चुकतं ते राहू द्या, त्या चुकीमुळे पेशंट काय करून बसेल? खरी साखर 300 आणि यंत्रावर 250, चालून जाईल. खरी 50 आणि यंत्रावर 100, तर माणूस निवांत झोपी जाईल. चूक दोन्हीकडे 50 चीच.

मग सतत मोजणारे सेन्सर आले. 1999 च्या पहिल्या सेन्सरचे आकडे तीन दिवसांनी डॉक्टरच बघायचे. 2014 मध्ये युरोपात लिब्रे आला, बोट टोचून जुळवायची गरज नसलेला. त्याची सरासरी चूक 11 टक्क्यांच्या आसपास. सरासरी, बरं का!

आमच्या बिलोलीच्या काकांच्या सेन्सरवर एका पहाटे 64, बोट टोचलं तर 92. "कोणतं खरं धरू रे?" काका त्याच दंडावर झोपले होते. दंड दाबला गेला की सेन्सर खोटी घसरण दाखवतो. शिवाय तो रक्त मोजतच नाही, पेशींमधला द्रव मोजतो, आणि तिथली साखर रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असते.

पण म्हणून ग्लुकोमीटर धुतल्या तांदळासारखा आहे असंही नाही. 2013 च्या मानकानुसार त्यालाही 100 च्या खाली 15 अंकांची मुभा आहे, म्हणजे 92 म्हणजे 77 सुद्धा असू शकतं. त्यात बहुतेक पट्ट्यांच्या डबीवर '30 अंशांखाली ठेवा' असं छापलेलं असतं, आणि नांदेड जिल्ह्यात मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो. काकांची डबी तेव्हा खिडकीत होती. आता ती आतल्या खोलीत, माठाशेजारी असते.